स्टेशनपासून पाच मिनिटांवर

शहराची ओळख करून देताना आधी लोकसंख्या सांगायची पद्धत आहे. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची लोकसंख्या १,७४,२२६. आकडा २०११च्या जनगणनेचा. त्याआधीच्या दहा वर्षांत गाव लाखाच्या आतून इथवर पोचलं होतं. पुढची जनगणना २०२१ला व्हायची होती, ती झाली नाही. म्हणजे गेल्या दहा-बारा वर्षांत ज्यांनी इथे वन बीएचके घेतला, हप्ते भरले, गृहप्रवेशाला नातेवाईक बोलावले, ते सरकारी हिशोबाने अजून बदलापुरात पोचलेलेच नाहीत. मग त्यांच्यासाठी पाणी, रस्ते आणि गाड्या कुठून आणायच्या?

शहर वसलंय ते जाहिरातीत. तिथे प्रत्येक इमारत स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहे. ही पाच मिनिटं कोणाची, हे विचारू नये. बहुधा रात्री दोन वाजता, उड्डाणपूल रिकामा असताना बिल्डरच्या गाडीने मोजलेली असावीत. स्टेशनपासून सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर, हा तपशील जाहिरातीत बसत नाही. जागा कमी पडते.

जाहिरातीत निसर्ग मात्र भरपूर. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्यांना अभिमान वाटला. आता झाडं शोधायची तेवढी राहिली आहेत. बारवी धरण जवळच. त्याचं पाणी एमआयडीसीच्या कारखान्यांना आणि पार मीरा-भाईंदरपर्यंतच्या शहरांना जातं. बदलापूरकर धरण भरल्याची बातमी पेपरात वाचतो आणि टँकरवाल्याला फोन लावतो.

‘रिव्हर व्ह्यू’ला दर जास्त असतो. उल्हास नदी शब्दाची पक्की आहे, ती व्ह्यू देते. २००५ला तिने तळमजल्यांपर्यंत येऊन दिला. २७ जुलै २०१९ला तर बदलापूर आणि वांगणीच्या मधे तिने अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवून ठेवली. कोल्हापूरला निघालेले हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले. एरवी ही गाडी बदलापूरला थांबतसुद्धा नाही. त्यानंतर नदीकाठचे दर उतरले असतील, असं वाटणाऱ्याने ठाणे जिल्ह्यात घर घ्यायच्या भानगडीत पडू नये.

शहराचा खरा कारभार नगरपरिषदेत चालत नाही, तो फलाटावर चालतो. बदलापूरहून सुटणारी लोकल ही इथल्या माणसाची एकमेव स्थावर मालमत्ता. तिच्यावरही अतिक्रमण आहेच. अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी सकाळी डाऊन गाडीने बदलापूरला येतात, उतरत नाहीत आणि त्याच सीटवर बसून मुंबईला जातात. फलाटावरच्या मूळ रहिवाशाला, म्हणजे तीन वर्षांपूर्वी घाटकोपरहून आलेल्या माणसाला, याचा भयंकर संताप येतो. बाहेरच्यांनी येऊन जागा बळकावली म्हणतो.

ऑगस्ट २०२२मध्ये रेल्वेने संध्याकाळची एक साधी लोकल काढून तिथे एसी लोकल आणली. बदलापूरकर स्टेशन मास्तरांच्या कार्यालयावर धडकले. कळव्यालाही आंदोलन झालं आणि मध्य रेल्वेने दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. रेल्वेचा हिशोब साधा होता, गारवा दिला की माणूस गप्प बसतो. पण एसीचा पास ज्याला परवडतो, तो बदलापूरला घर कशाला घेईल? कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका मंजूर आहे, काम चालू आहे. इमारतींना मात्र मार्गिकेची वाट बघावी लागत नाही. त्या सरळ वर जातात.

सध्या बदलापुरात जागा महाग झाल्याची तक्रार आहे. त्यामुळे वांगणी, शेलू, नेरळच्या जाहिराती लागल्या आहेत: बदलापूरला लागून, निसर्गाच्या कुशीत, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. परिणामी कर्जतहून येणारी लोकल बदलापूरला भरूनच येते. दारात लोंबकळणारा बदलापूरकर आत बसलेल्यांकडे बघत शेजाऱ्याला सांगतो, “ही वांगणीची गर्दी हो. एवढ्या लांब राहायला जातात कशाला ही माणसं?”

शेजारी डोंबिवलीला चढणार असता, तर त्याने दुजोरा दिला असता.