बारीक रेघेत मोठा भाव: नवशिक्यांसाठी

माल साधाच आहे, पण भाव जबर लावायचाय? माल बदलू नका, अक्षर बदला.

१. उभी रेघ खांबासारखी जाड, आडवी केसासारखी बारीक आणि टोकांना ब्लेडने ओढल्यासारख्या सेरिफ रेघा, असं अक्षर निवडा. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या फिरमँ दिदोने आणि पार्माच्या बोदोनीने हा थाट रूढ केला. दोघांतला फरक कळत नसेल तर ‘मला दिदोच जवळचा वाटतो’ म्हणा. पुढे कुणी विचारत नाही.

२. खानदान सांगा. बोदोनी १७६८पासून पार्माच्या ड्यूकचा छापखाना सांभाळत होता. तिथं ‘परवडतं का?’ विचारायची पद्धत नव्हती. त्याचा टंकांचा दोन खंडी नमुनाग्रंथ तो गेल्यावर पाच वर्षांनी, १८१८मध्ये, त्याच्या विधवेने काढला. ऐसपैस अक्षर, ऐसपैस समास, उंची कागद. तुम्ही फक्त अक्षर उचला. कागद आणि समास महाग पडतात.

३. आता खरी मेख. एवढी बारीक रेघ लहान आकारात टिकत नाही, हे छपाईचे खिळे पाडणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकासाठी जोनाथन हॉफलरने दिदो नव्याने काढला, तेव्हा सात आकारांसाठी सात वेगवेगळी रेखाटनं केली: सगळ्यात लहान सहा पॉइंटांसाठी, सगळ्यात मोठं शहाण्णवसाठी. बिचाऱ्याने फार कष्ट घेतले. तुम्ही शहाण्णववालं घ्या आणि सहावर वापरा. ‘एच’चा आडवा दांडा उडेल, दोन खांब उरतील. त्यातही काळ्यावर पांढरं छापा. मग शाई आत सरकून उरलीसुरली रेघही बुजेल. गिऱ्हाईक डोळे बारीक करून बघू लागलं की समजा, वट बसली.

४. अक्षरं एकमेकांत घुसवा. ‘झारा’ या कपड्यांच्या ब्रँडने २०१९मध्ये आपलं नाव असंच विरार लोकलमध्ये चढवलं.

५. देवनागरीत हा प्रयोग शक्यतो टाळा. आपलं जाड-बारीक बोरूच्या तिरक्या कापातून आलेलं. ते आडवं-उभं बघत नाही. तरी हौस असेल तर आडवं ते सगळं बारीक, हा नियम शिरोरेषेलाही लावा. दोरी काढून घेतलेल्या वाळवणासारखी अक्षरं हवेत लटकतील. याला ‘समकालीन’ म्हणा.

६. ‘वाचता येत नाही हो’ अशी तक्रार येईल. खचू नका. बर्मिंगहॅमच्या बास्करव्हिलचं अक्षर तर याहून पुष्कळ सौम्य, तरी ते देशाला आंधळं करील असं एका गृहस्थाने बेंजामिन फ्रँकलिनला ऐकवलं होतं. फ्रँकलिनने त्याच्यासमोर कॅस्लन या दुसऱ्याच अक्षरकाराचा नमुना, वरचं नाव फाडून, बास्करव्हिलचा म्हणून ठेवला. गृहस्थाने त्यातही सगळे दोष बोट ठेवून दाखवले! तेव्हा तक्रार करणाऱ्याला चष्म्याचा नंबर विचारा.

७. फोन नंबर आणि किंमत मात्र ठसठशीत साध्या अक्षरात छापा. दिदो पुन्हा बाहेर काढायचा तो पावतीच्या मागच्या बाजूला: सहा पॉइंट, फिकट राखाडी, ‘माल परत घेतला जाणार नाही’.