अनियन आणि युनियन

(स्थळ : निफाडची तहसील कचेरी. आपण जिवंत आहोत असा हयातीचा दाखला मिळावा म्हणून आलेले इंग्रजीचे पेन्शनर मास्तर आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी खोळंबलेले कांद्याचे बागाईतदार एकाच बाकावर बसले आहेत.)

मास्तर : ज्या कांद्यावर आपण उभा संसार चालविलात, त्याला इंग्रज 'अनियन' का म्हणतो, याची आपणांस कधी जिज्ञासा झाली काय?

बागाईतदार : गुरुजी, तो किती रुपयांना घेतो एवढीच जिज्ञासा आजवर परवडली; तथापि कारकून जागेवर येईतो आपण सांगत असाल तर ऐकण्यास माझी हरकत नाही, कारण येथे बसण्यावर सरकारने अद्याप पट्टी बसविलेली नाही.

मास्तर : तर श्रवण करा. रोमन पंडित या कंदास 'सेपा' म्हणत. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात शेतीवर ग्रंथ लिहिणारा कोलुमेला नमूद करून ठेवतो की, कुणबी लोक एका जातीच्या कांद्याला 'युनिओ' म्हणतात. आणि पंडितांना मागे टाकून कुणब्यांचा हाच शब्द फ्रान्समार्गे इंग्लंडात पोचला व 'अनियन' होऊन बसला.

बागाईतदार : म्हणजे नाव शेतकऱ्याने ठेवले! मग बारशाचा खर्चही त्याच्याच पट्टीतून कापून घेतला असणार.

मास्तर : त्याची नोंद कोलुमेलाने केलेली नाही. लॅटिनमध्ये 'उनुस' म्हणजे एक. लसणाच्या पाकळ्या सुट्या होतात, कांदा मात्र एकसंध राहतो, म्हणून तो 'युनिओ', असा विद्वानांचा तर्क आहे. आणि गिरणी-कामगारांच्या 'युनियन'चे मूळही हेच 'उनुस'. एवढेच नव्हे, तर रोमन लोक मोठ्या मोत्यालाही 'युनिओ' म्हणत, कारण, त्यांचाच ग्रंथकार प्लिनी याच्या मते, अगदी एकसारखे दोन मोती कधी सापडत नाहीत. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये राजा मद्याच्या पेल्यात जे 'युनियन' टाकतो, ते मोतीच होय.

बागाईतदार : कांद्याचे मोती होताना आम्हीही पाहिले आहे, गुरुजी, मात्र तो चमत्कार घडतो तेव्हा माल आमच्या चाळीत नसून व्यापाऱ्याच्या वखारीत असतो.

मास्तर : आपल्या शास्त्रकारांनी तर या बिचाऱ्या पलांडूची फारच उपेक्षा केली. मनुस्मृतीने तो द्विजांस निषिद्ध ठरविला आणि पुढे चातुर्मासात तो वर्ज्य मानण्याची चाल पडली. परंतु भाविकांनीही आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी साजरी करून चार महिन्यांची बेगमी एका दिवसात पोटात भरण्याची तोड काढली.

बागाईतदार : शास्त्रकार दयाळूच म्हणायचे. चातुर्मास चार महिन्यांत सुटतो. दिल्लीने डिसेंबर २०२३ मध्ये घातलेली निर्यातबंदी मे २०२४ मध्ये सुटली, आणि तीही आधी कांदेनवमीची सवड न देता.

मास्तर : पण मग ज्याच्या नावातच ऐक्य आहे, त्या पिकाच्या धन्यांना एक होण्यास कोणाची मनाई आहे?

बागाईतदार : एक झालो होतो की! १९८० च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या हाकेसरशी याच तालुक्यात खेरवाडीला लोकांनी आगगाडी अडविली आणि पोलिसांच्या गोळ्याही खाल्ल्या. परंतु आंदोलन उठले, पीक निघाले, आणि लासलगावच्या बाजार समितीत, जी १९४७ पासून उभी आहे, पुन्हा ट्रॅक्टरामागे ट्रॅक्टर लागले. तेथे माझा पुकारा आधी व्हावा, एवढ्यापुरतेच काय ते आमचे एकमत.

मास्तर : निदान खाणाऱ्यांना तरी आपल्या बाजूस वळवा.

बागाईतदार : तेथेच तर आडकाठी आहे. भाव कोसळला म्हणजे पिकविणारा रडतो आणि भाव चढला म्हणजे खाणारा रडतो. दोघांना एकाच दिवशी रडू कोसळते, तर एव्हाना दोघांची मिळून एक बळकट युनियन झाली असती.

मास्तर : मग या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यांना सांगावा तरी काय?

बागाईतदार : सरळ असा सांगावा, की अनियन म्हणजे निफाड तालुक्यात पिकणारी, लासलगावी लिलावात निघणारी आणि जिचा भाव दिल्लीत ठरतो अशी वस्तू.