वाशिम मुक्कामी गेजबदल

ज्या गावाने आपली जागा तसूभरही न सोडता एकामागून एक राज्ये पाहिली. जे वत्सगुल्म या नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी म्हणून मिरवले. पुढे निजामाच्या मुलखात मोडले. १८५३ साली फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी उर्वरित वऱ्हाडासह इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १९०२ साली, सालिना पंचवीस लाख रुपयांच्या ठरावाने, कायमच्या पट्ट्यावर लागले. ज्याचा जिल्हा १९०५ मध्ये मोडून बहुतांशी अकोल्यात मिळवण्यात आला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा उभा राहिला. त्या वाशिमला एका संगणकाचे राज्य बदलण्यासाठी परगावाहून माणूस बोलवावा लागावा, ही गोष्ट मला त्या गावाच्या लौकिकाला न शोभणारी वाटली. परंतु सांगावा आतेभावाचा होता, आणि वऱ्हाडात आतेभावाचा सांगावा हा हुकमाच्या बरोबरीचा मानण्याचा शिरस्ता आहे.

आतेभावाचे वाशिममध्ये लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, प्रतिज्ञापत्रे आणि तहसिलीत द्यावयाचे नानाविध अर्ज तयार करून देण्याचे दुकान आहे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा विनामूल्य आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, हे वर्तमान त्याला पुण्यात नोकरी करणाऱ्या त्याच्याच चिरंजीवाकडून कळले. पुढच्या प्रणालीने आपल्या दारावर टीपीएम २.० नामक सुरक्षाचिपेची अट ठेवलेली, आणि दुकानातल्या वयोवृद्ध संगणकाच्या पोटात ती चीप नाही, असा पंचनामा त्याच चिरंजीवाने दूरध्वनीवरून केला. एका वर्षाच्या मुदतवाढीची तजवीज होती, पण पोराला मुदतवाढ हा शब्दच रुचेना; त्याने लिनक्स या निराळ्या प्रणालीचा ध्यास घेतला.

“पोट्टा म्हणते का हा डब्बा आता बेवारस झाला,” आतेभाऊ सांगत होता. “तू ये बरं दोन दिवस. मशीन तो बदलवीन, पण मजकूर बरोबर उतरला का नाई, हे कोन पाहीन? तू जिंदगीभर प्रुफं वाचली ना?”

वाचली होती. तेव्हा संगणकाच्या ज्ञानाकरिता नव्हे, तर रुजवात घालणारा कारकून म्हणून माझी नेमणूक झाली होती, आणि ती मला मानाची वाटली.

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीत सोयाबीनच्या हंगामात जागा मिळणे हे पूर्वसंचितावर अवलंबून असते. माझे संचित मध्यम प्रतीचे असावे, कारण मला अर्धी जागा मिळाली. उरलेली अर्धी एका वृद्ध गृहस्थांची होती, आणि बार्शीटाकळी येण्याच्या आत त्यांनी माझे गाव, गोत्र, निवृत्तिवेतन आणि वाशिमला जाण्याचे प्रयोजन ही चारही कलमे नोंदवून घेतली होती. प्रयोजन ऐकून ते काही काळ गंभीर राहिले. मग म्हणाले, “म्हंजे गेजबदलच आहे हे.”

त्यांचे म्हणणे मला वाशिम येईपर्यंत पुरले, किंबहुना परतल्यावरही उरले. ज्या मार्गाने आमची गाडी चालली होती तो २००८ पर्यंत मीटरगेज होता: दोन रुळांत अंतर एक मीटर, आणि अकोल्यावरून मुंबई-नागपूरकडे धावणाऱ्या ब्रॉडगेजचे अंतर १६७६ मिलिमीटर. आता माणूस एका गाडीतून उतरतो, फलाट ओलांडतो आणि दुसऱ्या गाडीत बसतो. फार तर हमालाशी हुज्जत घालतो. परंतु माल स्वतःच्या पायांनी फलाट ओलांडत नाही. डबा पुढे जाऊ शकत नाही, म्हणून एका डब्यातले प्रत्येक पोते उचलून दुसऱ्या डब्यात भरायचे. आणि या उचलाउचलीत काही पोती फुटायची, काही ओली व्हायची आणि काही, त्या गृहस्थांच्या शब्दांत, “देवाघरी जायची”. वाशिम जिल्ह्यातल्याच कारंज्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळ अशी जाणारी, लोकांनी लाडाने शकुंतला म्हणून नावाजलेली गाडी तर तिसऱ्याच मापाची होती, अवघ्या ७६२ मिलिमीटरची. १९२१ साली मँचेस्टरला घडवलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत राबले, आणि त्याला बदलावे असे सत्तर वर्षे कुणालाही तातडीने वाटले नाही. या शेवटच्या गोष्टीचे गृहस्थांना विशेष कौतुक होते. जऊळक्याला उतरताना त्यांनी मला बजावले, “इंजिनाची फिकीर करू नका, साहेब. पोते मोजा.”

वाशिमला पोचलो तेव्हा इंजिन बदलून झाले होते. भाच्याने (म्हणजे आतेभावाच्या त्याच चिरंजीवाने; पुतण्या म्हणणे काटेकोर ठरेल, पण आमच्याकडे नात्यांचा हिशेब जेवणाच्या पंक्तीपुरता काटेकोर असतो) लिनक्सची स्थापना अर्ध्या तासात उरकली होती, आणि तो त्या विजयाच्या आनंदात मला तत्त्वज्ञान सांगू लागला: की १९९१ साली लिनस टोर्व्हाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने हा पाया घातला, की याची कबुलायत अशी उदार की प्रणाली कुणीही वापरावी, उकलून पाहावी, दुरुस्त करावी, वाटावी, आणि की इतकी वर्षे आपण या संगणकावर कूळ म्हणून राबत होतो, आता मालक झालो.

“मालक झालो तं छपाई करून दाखव,” मालक म्हणाला.

येथे प्रवासवर्णनात ज्याला घाट म्हणतात तो भाग सुरू झाला. दुकानातला मुद्रक, ज्याच्या कंपनीचे नाव घेण्याने कुणाचेच कल्याण होणार नाही, नव्या राज्याला सलाम करण्यास तयार नव्हता. भाच्याने त्याच्यासाठी निरनिराळे चालक मागवले. त्याने प्रत्येकाला एकेक कोरा कागद बहाल केला. संध्याकाळच्या सुमारास त्याने आपण होऊन, कुणी काही न सांगता, एक चाचणीपृष्ठ छापले आणि घरातल्या सर्वांनी ते हातात घेऊन पाहिले.

पण तो केवळ घाट होता. माल अजून अकोल्यालाच पडला होता.

मालाची हकीकत अशी. वऱ्हाडातल्या असंख्य दुकानांप्रमाणे येथेही वर्षानुवर्षांचा मजकूर कृतिदेव वळणाच्या टंकात साठवलेला होता. या टंकाची युक्ती अशी की संगणकाला आपण मराठी लिहीत आहोत याची खबरच लागू द्यायची नाही. आत रोमन अक्षरे साठवायची आणि वर त्यांना देवनागरीचा अंगरखा चढवायचा. अंगरखा उतरला की आतले उघडे पडते. नव्या यंत्रावर तो टंक नव्हता, त्यामुळे ‘भारत’ या शब्दाच्या जागी एच, के, के, जे, आर अशी पाच रोमन अक्षरे उभी राहिली, आणि प्रत्येक लग्नपत्रिकेच्या माथ्यावर ज्या ‘श्री’ने विघ्ने दूर करावयाची, ती ‘श्री’ जे आणि एच या दोन अक्षरांत स्वतःच विघ्न होऊन बसली. आतेभावाने ते पाहून हात जोडले. भक्तीने की भीतीने, ते कळले नाही.

यावर उतारा म्हणजे युनिकोड, ज्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर मान्य असा स्वतःचा क्रमांक आहे, आणि जो कुठल्याही कंपनीच्या, कुठल्याही प्रणालीच्या मापावर सारखाच धावतो. रूपांतर करणाऱ्या आज्ञावली मिळतात. भाच्याने एक चालवली, आणि शेकडो पत्रिका क्षणार्धात पलीकडच्या डब्यात जाऊन पडल्या. आता माझे काम सुरू झाले. मी चष्मा पुसला आणि पोती मोजायला बसलो.

फुटलेली पोती पुष्कळ निघाली. जुन्या पद्धतीत रफार अक्षरानंतर टंकायचा, नव्यात आधी र आणि हलन्त, मग अक्षर. या अदलाबदलीत ‘मुहूर्त’ काही ठिकाणी ‘मुर्हूत’ झाला होता. ‘वऱ्हाडी मंडळी’ जागोजाग ‘वर्हाडी’ झाली होती, कारण त्या ऱ ला युनिकोडने राखून ठेवलेले घर आज्ञावलीला ठाऊक नव्हते. हे सारे मी लाल शाईने टिपत गेलो. अडलो तो ‘आर्शीवाद’ या शब्दावर. रफार एक घर अलीकडे सरकला, हे उघड. यंत्राचा दोष म्हणून मी तो खुणावू लागलो, तेव्हा मागे बसून टंकन करणाऱ्या ताईंनी शांतपणे जुन्या छापील पत्रिकांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. त्यांतल्या बहुतेकांत तो तसाच होता. यंत्राने प्रामाणिकपणे जसेच्या तसे उतरवले होते, आणि वधूवरांना दिलेले ते सदोष आशीर्वाद सुधारण्याचा अधिकार रुजवात कारकुनाला आहे काय, या प्रश्नावर दुकानात दोन तट पडले. संसार तर सगळ्यांचे चालू आहेत, असा निर्णायक मुद्दा आतेभावाने मांडला.

ताईंची तक्रार निराळी होती. टंकलेखन यंत्राच्या वळणावर त्यांचे हात घडलेले: पहिली वेलांटी आधी, अक्षर नंतर. “काका, अर्धी जिंदगी वेलांटी पैले मारली. आता हा पोरगा म्हणते का मांगून मारा. डोकं आयकते, बोटं कुठी आयकतेत?” भाच्याजवळ यावर उत्तर नव्हते, आणि माझ्या मते या संपूर्ण स्थलांतरात हीच एक हरकत खऱ्या अर्थाने दखलपात्र होती.

शासकीय पत्रे मात्र आधीपासून युनिकोडमध्ये असल्याने सहज आली. त्यांचा मंगल हा टंक, जो आपल्या अक्षरकार र. कृ. जोशी यांच्या हातचा, विंडोजबरोबर येतो. तो येथे नसल्याने अक्षरांची रुंदी बदलून एका पानाचा अर्ज दीड पानाचा झाला इतकेच. सरकारी अर्ज लांबल्याबद्दल आजवर कुणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

राहता राहिला पेजमेकर. या आज्ञावलीची शेवटची मोठी आवृत्ती २००१ साली निघाली. त्यानंतर तिच्या निर्मात्यांनी लक्ष दुसरीकडे वळवले, पण वाशिममधली लग्ने काही थांबली नाहीत. पत्रिकांचे मूळ आराखडे, गणपती, वेलबुट्टी, कलश आणि सनईवाले यांच्यासह, तिच्यातच अडकलेले होते, आणि लिनक्स त्यांना दार उघडीना. मजकूर आला, मांडव मागे राहिला. भाच्याने नवे आराखडे करण्याची तयारी दाखवली. तुळशीच्या लग्नानंतर पुढ्यात उभ्या असलेल्या लग्नसराईकडे बोट दाखवून आतेभावाने ती दरखास्त तहकूब केली.

शेवटी तडजोड झाली. अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि रोजचे सर्व लेखन लिनक्सवर. पत्रिकांसाठी गोदामातला त्याहूनही जुना एक संगणक, इंटरनेटची तार कायमची काढून, कोपऱ्यात बसवला. माझ्या मते हा निवाडा योग्य आहे. ज्यांना वाशिममध्ये पत्रिका छापून घ्यावयाची असेल, त्यांनी मजकूर युनिकोडमध्ये लिहून आणावा, वेलांटी कुठल्याही क्रमाने द्यावी, आणि ‘आशीर्वाद’ हा शब्द पैसे भरण्यापूर्वी एकदा स्वतः वाचून पाहावा.