गॅस संपलाय!
पिकअपचा एसी गरम वारा फेकू लागला की बॉनेट उघडण्याआधीच गॅरेजवाल्याचं निदान तयार: "गॅस संपलाय." जणू एसी रोज पावशेर गॅस पितो! अहो, गॅसची ती बंद नळ्यांतली फेरी. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. पण गळती शोधायला साबणाचं पाणी आणि चिकाटी लागते, गॅस भरायला फक्त गिऱ्हाईक. कंप्रेसरचा क्लच ओढतोय का, कंडेन्सरचा पंखा फिरतोय का, फ्यूज शाबूत आहे का, हे बघणार कोण? बरं, एसीची सक्तीही सगळ्यांना नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला सरकारने एसी सक्तीचा केला. त्याखालच्या पिकअप सुटल्या. तेवढ्या वजनापर्यंत ड्रायव्हरला घाम येत नसावा.