डावं-उजवं

दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक असला, की माणूस पटकन निवडून मोकळा होतो. पंचाईत होते ती एकोणीस-वीसच्या फरकाने. सुबारूची आउटबॅक आणि व्होल्वोची व्ही ६० क्रॉस कंट्री या अशाच दोन गाड्या. दोन्ही लांबुडक्या, छत थेट डिकीच्या टोकापर्यंत ओढलेलं, चारही चाकांना जोर आणि पोट जमिनीपासून बऱ्यापैकी वर. म्हणजे वॅगन. आपल्याकडे या जातीचं नशीब कधी उघडलं नाही. टाटांनी १९९२ साली इस्टेट आणली, गाडी दणकट होती, पण मागे वेगळी डिकी दिसल्याशिवाय आपल्या लोकांना मोटार घेतल्यासारखं वाटत नसावं. अमेरिकेतही आता वॅगनला उतरती कळा लागली आहे. खुद्द आउटबॅकने २०२६च्या मॉडेलपासून एसयूव्हीसारखं चौकोनी रूप घेतलं. म्हणून आम्ही वापरलेल्याच गाड्या बघत होतो.

आम्ही राहतो डेन्व्हरला. उंची ५,२८० फूट, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर आमचं बिऱ्हाड. सुट्टी लागली की पश्चिमेला निघायचं, तर आय-७० या हमरस्त्याने आधी ११,००० फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढायचं. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई. वर हवा विरळ असते. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटते. आउटबॅकच्या २.५ लिटरच्या साध्या इंजिनाचे कागदावरचे १८२ अश्व बोगद्याशी पोचेपर्यंत एकशेवीसच्या आसपास उरतात. व्होल्वोच्या इंजिनाला टर्बो आहे. तो हवा दाबून आत कोंबतो, त्यामुळे तिच्या २४७ अश्वांना विरळ हवा तेवढी जाचत नाही.

इथे प्रश्न सुटायला हवा होता. पण नवऱ्याने एक्सेलचा तक्ता मांडला. किंमत, डिकी, मायलेज, जमिनीपासूनची उंची, प्रत्येकाला गुण. आउटबॅकची उंची ८.७ इंच, व्होल्वोची त्याहून किंचित कमी. आउटबॅकची डिकी मोठी. तिला साधं पेट्रोल चालतं, व्होल्वोला महागडं लागतं. शिवाय डोंगरातल्या लहान गावांतही सुबारू दुरुस्त करणारा सापडतो, व्होल्वोसाठी बहुतेकदा शहर गाठावं लागतं. ही बाब मला खरंच वजनदार वाटली, कारण युटामध्ये याच आय-७०वर ग्रीन रिव्हर ते सलायना असा जवळजवळ १७५ किलोमीटरचा पट्टा आहे, जिथे पंप नाही, चहा नाही, काही नाही. तिथे गाडी रुसली तर समजूत कोणी काढायची?

बेरीज झाली आणि दोन्ही गाड्यांना सारखे गुण पडले. मग दहावीच्या निकालानंतर होतं तसं पुनर्मूल्यांकन सुरू झालं. आज मायलेजचं वजन वाढव, उद्या सीटचं कमी कर. माझ्या लक्षात आलं, की नवऱ्याच्या मनातली गाडी हरली की सूत्र बदलतं. मध्येच टर्बोवाली आउटबॅकही असते हे त्याला कळलं आणि तक्त्यात तिसरा रकाना उगवला. तो मी रात्री गुपचूप पुसला.

इथल्या मराठी मंडळात सल्ला विचारणं म्हणजे आणखी फजिती. मंडळात गाडी म्हणजे टोयोटा नाहीतर होंडा. "विकताना किती येतील?" हा पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न नाही. एकाने सांगितलं, की आउटबॅक सरकारदरबारी ट्रक आहे. मला थट्टा वाटली, पण ते खरं निघालं. २००५च्या मॉडेलला कंपनीने तिची उंची वाढवून हलक्या ट्रकच्या वर्गात बसवलं होतं, कारण ट्रकांसाठी इंधनाचे नियम सैल होते.

साताऱ्याहून आलेल्या आईला मात्र हा ट्रक आवडला. एक तर समोरच्या चिन्हात सहा चांदण्या. "या कृत्तिका गं," ती म्हणाली, आणि त्या खरोखरच कृत्तिका आहेत. दुसरं म्हणजे मागे पाय पसरायला ऐसपैस जागा. "जावईबापू, हीच घ्या तुम्ही," असं तिने मागच्या सीटवरूनच सांगून टाकलं. कुकर, तांदूळ, मेतकुटाची बरणी आणि बर्फाची पेटी हे सगळं त्या डिकीत पसरून बसलं असतं, हेही तिने नजरेने मोजलं होतं.

मी व्होल्वोच्या चालकाच्या सीटवर बसले आणि उठेचना. स्वीडिश लोकांना माणसाच्या कमरेविषयी काहीतरी कळलेलं आहे. लांबचा प्रवास म्हणजे आठ-आठ तास स्टिअरिंगमागे, आणि आमच्या घरी गाडी बहुतेक मीच चालवते. आई येते सहा महिने, कंबर असते बारा महिने. चढणीवर ट्रक ओलांडताना पाय दाबला की गाडीने पुढे जावं, नुसता आवाज वाढवू नये, एवढीही माझी अपेक्षा आहे.

व्होल्वो घेतली. मागे जागा कमी म्हणून आई आता पुढे बसते, आणि बर्फाच्या पेटीशेजारी गुडघे आवळून नवरा. मागच्या सीटला तक्त्यात सर्वांत कमी वजन त्यानेच दिलं होतं. पंपावर महागड्या पेट्रोलचा आकडा तो मोठ्याने वाचतो, आम्ही दोघी ऐकतो.

तुम्ही अशाच दोन गाड्यांच्या पेचात असाल, तर कुठलीही घ्या, पण आधी टायर बघा. चारही चाकांचा जोर गाडीला बर्फातून पुढे काढतो, थांबवायला मात्र टायरच लागतात. आय-७०च्या डोंगरी भागात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात अशा गाडीच्याही टायरवरच्या खाचा किमान ३/१६ इंच खोल असाव्या लागतात, आणि कमी भरल्या तर दंड होतो.