ड्राफ्टर मावत नाही

ड्राफ्टर पिशवीत मावत नाही, असं मी घरी सांगून टाकलं होतं. पिशवीत गेला असता तर तासगाव-सांगली एसटीतल्या लोकांना तो दिसणार कसा? म्हणून तो खांद्यावर, धनुष्यासारखा. कंडक्टर एकदा म्हणाला, "इंजिनिअर, पुढं सरका," तर मी सरकत सरकत मनानं थेट विश्वेश्वरय्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याला पाणी चढलं की आपोआप उघडणारी दारं बसवली. मला एसटीची खिडकी उघडत नव्हती.

आवड मात्र लहानपणापासूनची. पुरावा म्हणजे सहावीत मी खोललेलं गजराचं घड्याळ. ते परत जोडलं काकांनी, पण घरच्या बखरीत काकांची नोंद नाही.

तर ड्राफ्टर, इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या रेघा मारायचं अवजार. बोर्डाच्या कडेला क्लॅम्प आवळायचा, स्क्रू ढिला राहिला तर रात्रभराची शीट वाया. दुसऱ्या टोकाला काटकोनात जोडलेल्या दोन पारदर्शक पट्ट्या. धूळ बसू नये म्हणून मी त्या बनियननं पुसायचो, घरातली सायकल कधी पुसली नव्हती. एवढं प्रेम असूनही शीट काढल्या त्या जीटी मारूनच: काचेखाली दिवा, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली. मित्राच्या शीटवर एक डास मेलेला होता. मी तोही बिंदू समजून इमानानं उतरवला आणि त्याला 'क्यू' असं नाव दिलं. शीट तपासून आली. क्यूबद्दल कुणी विचारलं नाही.

वर्कशॉपमध्ये जीटी चालत नाही. लोखंडाच्या चौकोनी तुकड्याला कानस मारून काटकोन आणायचा. तीन तास घासून मी जॉब वर्कशॉपच्या मामांना दिला. त्यांनी त्याला गुण्या लावला आणि खिडकीकडे धरला. मधे टेकलेला, दोन्ही कडांना उजेडाची फट. "हात झोका घेतोय तुझा. पाळणा केलायस." मग माझे दोन्ही हात स्वतःच्या हातांत धरून त्यांनी कानस चालवली, सपाट, घाई न करता. वास अजून आठवतो, तेलाचा आणि किसाचा. फट मिटली. जर्नलवर सही करायचा अधिकार त्यांना नव्हता. सही करणारे सर वर्कशॉपमध्ये वर्षभरात दोनदा दिसले. याचा राग मला आज येतो, तेव्हा आला नाही. तेव्हा मी हाताला लागलेलं काळं तेल एसटीत दिसेल असं ठेवून बसलो होतो.

वर्ष संपल्यावर ड्राफ्टर विकायला काढला. पहिल्या वर्षाला नुकताच आलेला एक मुलगा बघायला आला. त्यानं किंमत विचारली नाही. पट्टी बोर्डभर फिरवली आणि म्हणाला, "दादा, कुठंही नेली तरी हिचा कल बदलत कसा नाही?"

मी म्हटलं, "चांगल्या कंपनीचा आहे."

तो दांड्यांकडे बघत राहिला. "दोन दोन समांतर दांड्या... म्हणजे समांतरभुज चौकोन! एकाला जोडून दुसरा. समोरची बाजू समांतरच राहणार की!" नववीची भूमिती. मी ती वर्षभर खांद्यावर घेऊन हिंडलो होतो.

त्यानं पैसे दिले, ड्राफ्टर मिटून टॉवेलात गुंडाळला आणि पिशवीत घातला. पूर्ण मावला.