नाव होईल, पैसे नंतर

"भाई, बीट दे ना, एक्स्पोजर मिळेल." धारावी-कुर्ल्यात रॅपरांना तोटा नाही आणि या आश्वासनालाही. बीटवाला रात्रभर किक-स्नेअर घासतो. व्हिडिओत मात्र रॅपर, रॅपरची चेन, रॅपरच्या मित्राची बाइकसुद्धा. बीटवाल्याचं नाव? डिस्क्रिप्शनमध्ये, 'अधिक पहा'च्या खाली. म्हणून तो सुरुवातीलाच आपलं नाव बीटमध्ये घुसवतो. मिक्सिंगवाला तेही कापतो.

कुरकुर केली की दाखला तयार: नेदरलँड्सच्या यंगकिओचा बीट लिल नास एक्सने 30 डॉलरला घेतला आणि 2019मध्ये त्यावरचं 'ओल्ड टाउन रोड' हे गाणं बिलबोर्डवर 19 आठवडे पहिलं! अहो, त्याला 30 डॉलर तरी मिळाले. इथे कटिंगचे पैसेही बीटवालाच देतो. रॅपरचं यूपीआय नेमकं तेव्हाच अडकतं.